गार पाय

पुण्यातल्या खडकीत नसांच्या तपासण्या करता करता बरीच वर्षं झाली. काम साधं दिसतं. घोट्याशी एक आणि गुडघ्यापाशी एक असे हलके झटके द्यायचे, पावलावरच्या स्नायूत लहर कधी उमटते ते मोजायचं, मधलं अंतर टेपने घेऊन भागायचं. पायात सेकंदाला ४० मीटरच्या वर वेग मिळाला की माझा जीव भांड्यात पडतो.

"नस दबलीय की सुकलीय?" काकू विचारतात. पूर्वी मी वायरचं उदाहरण द्यायचो. आता देत नाही. वायरवरचं प्लास्टिक सोललं तरी विजेचा वेग घटत नाही. नसेवरचं मायलिन गेलं की वेगच बसतो, कारण संदेश त्या वेष्टनामधल्या फटींवरून उड्या मारत पळत असतो.

म्हणून आता अळूवडी. श्वान पेशी हे पान, तंतूभोवती डझनावारी वेढे घेणारं. बेसनाचं काम प्रथिनांचं. पानाच्या बाहेरच्या बाजू पी-झिरो चिकटवतं, आतल्या बाजू एमबीपी आवळतं. मधला द्रव पिळून निघतो. (आईची वडी बाहेरून वाढते. ही आतून: नवा पदर तंतूलगत सरकत जातो.) काही घराण्यांत पी-झिरोचं जनुकच बिघडलेलं असतं. बेसन सैल, वडी सैल. दोन्ही पायांत वेग सारखाच मंद.

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात जीबीएसची साथ आली तेव्हा या उदाहरणाची मर्यादा कळली. या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती नसेवर उठते. वेष्टन सुटलं तर लहर उशिरा येते. तंतूच दुखावला तर वेळेवर, पण बुटकी येते. पहिल्या आठवड्यात तर आलेख कधीकधी निर्दोष दिसतो आणि माणूस जिना चढू शकत नाही. उलट, मणक्याला गोळी लागलेल्या जवानाचे पाय हलत नाहीत, पण त्या पायांतला वेग बऱ्याचदा शाबूत असतो. नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, हे मी खडकीतच शिकलो.

तेही एकदा चुकून. डिसेंबरची सकाळ, आजोबांच्या पायात वेग ३४. मायलिन गेलं, असं मी लिहायलाच घेतलं होतं. सहज पायाला हात लावला, तर बर्फ! त्वचा एका अंशाने गार झाली की वेग दीड-दोन मीटरने उतरतो. गरम पाण्याची पिशवी, अर्धा तास, पुन्हा झटका: ४४.

तेव्हा थंडीत तपासणीला येताना मोजे घालून या. आणि हातापायांना तेल चोपडून येऊ नका. लहर टिपणाऱ्या पट्ट्या चिकटत नाहीत.