मारिओची मिशी

मे महिन्यात साताऱ्याहून सांगलीला लेकीकडे गेले होते. नातू दिवसभर व्हिडिओ गेममध्ये. "डोळे जातील रे!" हे माझं पालुपद. शेवटी तोच म्हणाला, "आजी, तू मारिओ भरतेस का? सगळे चौकोनच तर आहेत."

आमच्या लहानपणी मॅटीवर फुलीच्या टाक्याची तोरणं घरोघरी असायची, पण मी कधी सुई धरली नाही. आता सत्तरी उलटल्यावर श्रीगणेशा!

१९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधला छोटा मारिओ १२ चौकोन रुंद, १६ उंच. रंग तीनच. एक चौकोन म्हणजे एक फुली. १९८१ मध्ये जपानच्या मियामोतोंनी 'डाँकी काँग' या गेमसाठी तो पहिल्यांदा काढला, तेव्हा एवढ्याशा चौकोनांत केस नि तोंड जमेना. म्हणून टोपी आणि मिशी! अडचणीतून आलेला हा चेहरा आज जगाच्या ओळखीचा आहे.

माझी मिशी मात्र एक घर सरकली. "कुणाला कळतंय?" म्हटलं, तर नातू म्हणाला, "मला कळतंय ना, आजी."

नोकरीभर मुलांच्या वह्यांत लाल शाईने फुल्या मारून 'पुन्हा सोडव' लिहिलं. त्या सगळ्या वह्या आठवल्या. मुकाट्याने उसवलं.

सुईत दोरा ओवून द्यायला तो गेम बंद करून बसला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

निघाले तेव्हा मारिओ कमरेपर्यंत झाला होता. उरलेला दिवाळीत!