बाटली राहू दे

बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयातून मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले आणि गावातल्याच एका लॅबमध्ये कामाला लागले. टी. सी. कॉलेजनं मला जंतूंची नावं, रंग, आकार शिकवले. पण जंतू माणसापर्यंत पोचतो कुठल्या वाटेनं, हे शोधायची सवय लावली लॅबच्या मॅडमनी. मोजकं बोलणाऱ्या, कामाला करड्या. त्यांचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते नुसतं शिकवण्याचं नाही. माझे वडील, आप्पा, त्या हिशेबात आहेत.

आमचं घर इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या बाजूला, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात. ऊस आणि गाई यांवर तिथला संसार चालतो. उसाचं बिल हंगामाचं, दुधाचं दर दहा दिवसांचं. त्यामुळे किराणा, शाळेची फी, दवाखाना सगळं गोठ्याच्या जिवावर. आप्पांचा दिवस गोठ्यात उजाडायचा. धार काढता काढता पेलाभर धारोष्ण दूध पिणं हा त्यांचा जन्माचा शिरस्ता.

एका पावसाळ्यात त्यांना ताप धरला. सकाळी उतरे, दिवस मावळला की चढे. रात्री घामानं बंडी भिजे, कंबर तर धरूनच ठेवलेली. मलेरियाची स्लाइड झाली, विडाल झाली, टायफॉइडचा कोर्सही झाला. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. भावकीत कुणी टीबी म्हणे, कुणी बाहेरचं. मॅडमनी रक्त कल्चरला लावलं. आठवडा उलटला, तरी बाटली कोरीच.

तेवढ्यात आमच्या भागातले पशुवैद्य दुसऱ्याच एका गाईला बघायला गोठ्यात आले. आप्पा भर दुपारी वाकळ पांघरून पडलेले बघून त्यांनी विचारलं, "मागं तुमची ती काळी बांडी गाय गाभडली होती ना? जार कुणी काढला?"

"मीच की. दुसरं कोण काढणार?"

"आणि हात?"

आप्पांनी तळवे पुढं केले. वाढं तोडून तोडून पाल्यानं चिरलेले.

डॉक्टरांनी काय विचारलं ते दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं. त्यांनी रजिस्टरमधून मानही वर केली नाही. म्हणाल्या, "बाटली राहू दे. कुणाला फेकू देऊ नकोस."

नेहमीचे जंतू दोन-तीन दिवसांत उगवतात. गाभडलेल्या गाईकडून माणसाला लागणाऱ्या ब्रुसेला या जंतूचं तसं नाही. त्याच्यासाठी बाटली तीन-तीन, चार-चार आठवडे सांभाळावी लागते. तिसऱ्या आठवड्यात प्लेटवर दवाच्या थेंबासारखे बारीक, नितळ ठिपके दिसले. ग्रॅम स्टेनिंगमध्ये इवलेसे गुलाबी जंतू. युरियाच्या नळीतलं पिवळसर माध्यम बघता बघता गडद गुलाबी झालं. त्याआधीच मॅडमनी प्लेट माझ्या हातातून काढून घेऊन बंद कॅबिनेटमध्ये ठेवली होती. "ही नाकाशी न्यायची नाही. लॅबमध्ये काम करणाऱ्यांनाच धरणारा जंतू आहे हा."

पुढं मॅडमनी त्याची सगळी कुळकथा सांगितली. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं 1887 मध्ये माल्टा बेटावर, तापानं दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेत हा जंतू शोधला. तो शेळीच्या दुधातून येतो हे थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी 1905 मध्ये दाखवलं, तेव्हा कुठं सैनिकांचं ते दूध बंद झालं. डेन्मार्कमध्ये बँग यांना गाभडणाऱ्या गाईंत 1897 मध्येच एक जंतू सापडला होता. पण ही दोन्ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत, हे 1918 मध्ये मांडलं ॲलिस एव्हान्स या बाईंनी. गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची साखर असते, ती या जंतूला फार मानवते. म्हणून तो तिथं माजतो आणि गाभ पडतो. माणसात मात्र तो रोगाशी लढणाऱ्या पेशींतच दडून बसतो. म्हणून औषधं दोन आणि तीही सहा आठवडे. मधेच सोडली की ताप उलटतो.

आप्पांनी डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन नेमानं घेतली. लघवी लाल होते म्हणून कुरकुरले, पण उठून कामाला लागले. पशुवैद्यांनी गाईंचं रक्त तपासून दोषी निघालेली गाय वेगळी बांधायला लावली. बरे झाल्यावर आप्पा दुधाची किटली घेऊन लॅबमध्ये हजर. मॅडमनी हात जोडून आधी विचारलं, "उकळलंय ना?" आप्पा इतके हसले की बाहेर बसलेले पेशंट डोकावून बघू लागले.

आज बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, 2019 पासून. त्याच वर्षी जनावरांच्या रोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस मिळते. तरी जार अजून उघड्या हातांनीच ओढला जातो, आणि तो बहुतेक घरातल्या बायाच ओढतात. माहेरी गेले की हातमोज्यांचं एक खोकं गोठ्याच्या फळीवर ठेवून येते.

आमच्या लॅबच्या फॉर्मवर तापाच्या पेशंटसाठी एक ओळ मी वाढवून घेतली: घरी जनावरं आहेत का, एवढ्यात एखादं गाभडलं का? नव्या मुलींना हसू येतं. उत्तर 'हो' आलं की मी आधी त्या भागातल्या पशुवैद्यांना फोन लावते. मॅडमचं आणि त्या डॉक्टरांचं देणं फेडायची मला जमलेली रीत एवढीच.