गावाकडच्या तीन वाटा

चेन्नईस बदली होऊन आलेल्या मराठी माणसाच्या घरी पंचांगाइतकेच रेल्वेचे वेळापत्रक चाळले जाते. दिवाळी जवळ आली की आम्हीही ते घेऊन बसतो. वाटा तीन. पहिली रेणिगुंटा, गुंटकल, रायचूरवरून सोलापूर-पुण्याकडची. मुंबई आणि मद्रासकडचे लोहमार्ग रायचूरला १८७१ साली एकमेकांस मिळाले. दुसरी विजयवाडा, वरंगळ, बल्लारशावरून वर्धा-नागपूरची. काझीपेठ-बल्लारशा हा दुवा १९२९ मध्ये जुळला, तेव्हा विदर्भ मद्रासशी सरळ जोडला गेला. तिसरी बंगळूर, हुबळी, बेळगाव, मिरज अशी, आमच्या कऱ्हाडास नेणारी.

वाट निवडणे म्हणजे माणूस निवडणे. कऱ्हाडास आमची आई, सोलापुरास धाकटी बहीण, वर्ध्यास सौभाग्यवतींचे वृद्ध वडील. रजा आठ दिवसांची. त्यांतले तीन जाण्यायेण्यातच सरतात.

१९५६ साली सुरू झालेली रजा-प्रवास सवलत आम्हां केंद्र सरकारच्या नोकरांना मोठाच आधार. पण तिच्यासाठी मूळ गाव एकच नोंदवावे लागते, आणि ते सबंध नोकरीत एकदाच बदलता येते. आमच्या रकान्यात कऱ्हाड आहे. साहजिकच वर्ध्याची वाट पदरच्या खर्चाची, म्हणून नेहमी पुढच्या वर्षावर जाणारी. सौभाग्यवतींनी याविषयी कधी तक्रार केली नाही; तेच मनाला अधिक लागते.

यंदा निवाडा आईनेच केला. फोनवर म्हणाली, "मी अजून अंगणात हिंडते-फिरते. व्याही अंथरुणाला आहेत. आधी वर्ध्याला जा, मी संक्रांतीला भेटेन." सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, उठून त्यांनी वडिलांसाठी नवे धोतर बॅगेत ठेवले.

नकाशा मिटताना एक गोष्ट ध्यानात आली. या तिन्ही वाटा कृष्णा ओलांडतात : एक रायचूरच्या पुढे, एक कुडचीजवळ, एक विजयवाड्याला. महाबळेश्वरी उगम पावलेली, कऱ्हाडास कोयनेला भेटलेली तीच नदी. तिचे पाणी कालव्याने १९९६ मध्ये चेन्नईजवळच्या पूंडी जलाशयातही पोहोचले. सरकारी रकान्यात तिचे गाव कोणते लिहावे?

वर्ध्याची तिकिटे काढली आहेत. विजयवाड्याच्या पुलावर गाडी आली की आईला फोन करावयाचा, हेही ठरले आहे.