मामा, काका आणि जॉन स्नो

मंडळी, आधीच सांगून ठेवते. या लेखात 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवट उघड केला आहे. मालिका २०१९ च्या मे महिन्यात संपली, तेव्हा आता कुणी रागावू नये. महाभारताचा शेवटही उघड केला आहे, पण त्याबद्दल आगाऊ सूचना द्यायची आपल्याकडे पद्धत नाही.

तुमच्या घरात या देशात वाढलेलं, आता पंचविशी-तिशीत असलेलं मूल असेल, तर 'थिअरी' हा शब्द तुम्ही जेवणाच्या टेबलावर पुष्कळ ऐकला असेल. त्याचा शाळेतल्या विज्ञानाशी काही संबंध नसतो. गोष्ट अर्धी लिहून झालेली असते, लेखक पुढचं पुस्तक द्यायला वेळ लावतो, आणि तोवर वाचक मागची पानं पुन्हा पुन्हा चाळून कुणाचं पुढे काय होणार ते ठरवत बसतात. हॅरी पॉटरचं सहावं पुस्तक जुलै २००५ मध्ये आलं आणि सातवं जुलै २००७ मध्ये. मधली दोन वर्षं स्नेप चांगला की वाईट यावर घराघरांत भांडणं होत होती. त्या सहाव्या पुस्तकात 'आर. ए. बी.' अशी सही असलेली एक चिठ्ठी सापडते. हा कोण, यावर तर्क चालले होते. मग लोकांच्या लक्षात आलं की डच भाषांतरात तीच सही 'आर. ए. झेड.' अशी आहे, कारण डचमध्ये 'ब्लॅक' या आडनावाचं 'झ्वार्ट्स' केलेलं होतं. म्हणजे बी म्हणजे ब्लॅक! भाषांतरकाराने इमानेइतबारे काम केलं आणि गुपित फुटलं. रोज दोन भाषांत जगणाऱ्या आपल्यासारख्यांना यातली गंमत जरा जास्तच कळावी.

पण वाट पाहायला लावण्यात जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा हात कुणी धरणार नाही. त्यांच्या मालिकेचं पहिलं पुस्तक १९९६ चं, पाचवं २०११ चं, आणि सहावं अजून यायचं आहे. या रिकाम्या जागेत वाचकांनी जे तर्क लढवले त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे 'आर अधिक एल बरोबर जे'. ज्यांना मालिकेचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

उत्तरेचा सरदार नेड स्टार्क हा बोलल्या शब्दाला जागणारा माणूस. तो एका युद्धावरून परत येतो तो हातात तान्हं मूल घेऊन. हा माझा अनौरस मुलगा, जॉन, एवढंच सांगतो. आई कोण, हे बायकोलाही सांगत नाही. पहिल्या पुस्तकात मात्र त्याला त्याच्या बहिणीची, लियानाची, आठवण सारखी छळते. तिने मरताना त्याच्याकडून काहीतरी वचन घेतलेलं असतं. काय वचन, ते लेखक सांगत नाही. ती ज्या एकाकी बुरुजात मेली तिथे राजाचे तीन अंगरक्षक पहाऱ्यावर होते. राजा मेलेला, युवराज रेगार मेलेला, उरलेलं राजघराणं दुसरीकडे. मग राजाचे रक्षक तिथे कुणाचं रक्षण करत होते? एवढ्या धाग्यांवरून वाचकांनी ठरवलं की जॉन हा नेडचा मुलगा नाहीच. तो रेगार आणि लियाना यांचा मुलगा, सिंहासनाचा वारस. नवीन राजा रॉबर्टने त्याला जिवंत ठेवलं नसतं, म्हणून नेडने त्याला आपला म्हणवला.

२०१५ च्या उन्हाळ्यात माझे बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे लेस्टरला आले होते. ते सांगलीच्या दिवाणी न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. त्याच जूनमध्ये मालिकेत जॉन स्नोला भोसकून मारलं होतं, आणि आमची लेक, तेव्हा सोळा वर्षांची, दुसरं काही बोलायलाच तयार नव्हती. मालिकेचं चित्रीकरण बेलफास्टला चालायचं. जॉनचं काम करणारा किट हॅरिंग्टन तिथे दिसल्याच्या बातम्या येत होत्या. मेलेला नट कामावर कशाला येईल, हा तिचा पुरावा. बाबा वरणभात कालवत म्हणाले, "हा ऐकीव पुरावा झाला, बाळ. कागदावर काय आहे ते सांग."

मग तिने कागदावर काय आहे ते सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, बुरूज, वचन, तीन रक्षक, सगळं. बाबांनी उलटतपासणी घेतली. बाळंतपणाला सुईण कोण होती? त्या लढाईतून नेडखेरीज जिवंत कोण परतलं? एक जण परतलाय आणि तो अजून गोष्टीत आलेला नाही, हे कळल्यावर ते खूश झाले. "लेखकाने साक्षीदार राखून ठेवलाय. म्हणजे साक्ष होणार." आणि मग म्हणाले, "हे आमच्या इरावतीबाईंनी केव्हाच केलंय."

'युगान्त' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. इरावती कर्वे यांचं हे पुस्तक १९६७ चं, त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि इंग्रजी रूप बाईंनी स्वतःच केलं. तरुण मंडळींना सांगायचं तर, पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांची ताडणी चालू होती, मूळ पाठ शोधायला. ते काम १९६६ मध्ये पुरं झालं. त्या पाठाच्या आधाराने बाईंनी एक प्रश्न विचारला: धर्मराज हा विदुराचा मुलगा असेल का?

त्यांचे धागे पाहा. कुंतीला थोरला मुलगा झाला तो यमधर्मापासून. विदुर हा मांडव्य ऋषींच्या शापामुळे माणूस म्हणून जन्मलेला यमधर्मच. नवऱ्याला मूल होत नसेल तर दिराकडून नियोग ही त्या काळची रीत, आणि विदुर कुंतीचा दीर. तो जन्मभर पांडवांची बाजू घेतो. आणि शेवटी, अरण्यात, हाडांचा सापळा झालेला विदुर माणसं बघून पळत सुटतो. धर्म एकटाच त्याच्यामागे धावतो, मी युधिष्ठिर आहे असं ओरडत. विदुर झाडाला टेकून थांबतो, धर्माच्या डोळ्यांत डोळे घालून बघतो आणि योगबळाने आपले प्राण त्याच्या देहात उतरवतो. मरता बाप मुलाला आपलं सर्वस्व देतो, असा विधी उपनिषदात आहे; बाईंना इथे तो आठवतो. आणि हे लपवायचं कारण? विदुर दासीपुत्र, सूत. त्याच्या मुलाला गादी कोण देणार?

बाई ठाम निकाल देत नाहीत. पण आमच्या लेकीने जेवायचं थांबून पहिली गोष्ट काय विचारली, तर "म्हणजे विदुर हा अंकल होता, आणि नेड पण अंकलच?"

इथे इंग्रजी कशी तोकडी पडते बघा. नेड हा जॉनचा मामा. विदुर हा धर्माचा काका. एका गोष्टीत मामा असून माणूस जन्मभर बाप म्हणवून घेतो, दुसऱ्या गोष्टीत बाप असून (असलाच तर) जन्मभर काका म्हणवून घेतो. मराठीत म्हटलं की दोघांमधला फरक एका शब्दात उभा राहतो. मामाला भाचा गादीवर बसण्यात काही मिळत नाही. काका मात्र वाटेकरी. लेस्टरमध्ये राहून काकांबद्दल बोलायचं तर तिसऱ्या रिचर्डला वगळता येत नाही. त्याची हाडं २०१२ मध्ये आमच्या गावच्या कार पार्कखाली सापडली आणि बाबा यायच्या थोडंच आधी, मार्च २०१५ मध्ये, कथीड्रलमध्ये पुन्हा पुरली. त्याच्यावर आरोप आहे तो दोन अज्ञान पुतण्यांना मारल्याचा. बाबांनी पाटी वाचली आणि "राघोबादादा" एवढंच म्हणून पुढे गेले.

ऑगस्टमध्ये आम्ही त्यांना हेड्रियनची भिंत दाखवायला नेलं. मार्टिन १९८१ मध्ये त्या भिंतीवर उभे राहिले होते आणि त्यांच्या पुस्तकातली बर्फाची भिंत तिथेच सुचली, म्हणून लेकीचा हट्ट. हाउसस्टेड्सला वारा असा की बाबांनी ऑगस्टमध्ये माकडटोपी घातली. परतताना गाडीत तिने विचारलं, "आजोबा, पण खरंच कुणी एवढी वर्षं लपवू शकतं का? एका घरात राहून?"

बाबा म्हणाले, "शकतं. माझ्या मामांनी लपवलं."

मी ज्यांना आजोबा म्हणत होते, मिरजेच्या वाड्यात ज्यांच्या मांडीवर मी अंक शिकले, ते बाबांचे मामा होते. बाबा दीड वर्षाचे असताना त्यांची आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मुलाला न्यायला ते कधी आले नाहीत. मामांनी शाळेत नाव घालताना बापाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. माझं माहेरचं आडनाव आहे ते मामांचं. बाबांना हे कळलं मामा गेल्यावर, दहाव्या दिवशी, मामीकडून. आणि मला कळलं ते कार्लाइलच्या अलीकडे, पावसात. गाडीत वायपरशिवाय कसलाच आवाज नव्हता.

लेकीने विचारलं, "तुम्हाला राग आला?"

"राग कशाचा? शाळेत भाचा म्हणून गेलो असतो तर आश्रित झालो असतो."

पण त्यांना सांगायचं होतं ते मामांबद्दल नव्हतंच. घरी पोचेपर्यंत ते मामीबद्दल बोलत राहिले. मालिकेतली नेडची बायको, केटलिन, जॉनचा दुस्वास करते. तिला वाटतं, नवऱ्याने बाहेरची निशाणी घरात आणून ठेवली आहे. ती वाईट बाई म्हणून लेकीच्या वर्गातली सगळी मुलं तिला नावं ठेवत. बाबांनी तिचं वकीलपत्र घेतलं. "मामीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून चार पोरांच्या पंगतीत माझं पाचवं ताट मांडताना तिचा हात आखडला नाही. या बाईला नवऱ्याने सांगितलं असतं तर तिनेही वाढलं असतं." लेकीचं म्हणणं, सांगितलं असतं तर राजा रॉबर्टपर्यंत गेलं असतं. बाबांचं म्हणणं, बायकोवर एवढा विश्वास नाही तो कसला सत्यवचनी. दोन दिवस हा वाद चालला होता.

त्या गाजलेल्या तर्कावर दोन दशकं लाखो लोकांनी डोकं चालवलं, पण त्यांचा सगळा रोख जॉन गादीवर बसणार का, यावर. केटलिनचा हिशेब मी तरी बाबांखेरीज कुणाकडून ऐकला नाही.

उत्तर मिळालं ते २७ जून २०१६ ला, पहाटे. ब्रेक्झिटच्या निकालानंतरचा तो पहिला सोमवार होता. ऑफिसला जायचं म्हणून माझ्या पोटात गोळा होता, आणि लेक रात्री दोनपासून जागी होती. तर्क खरा ठरला होता. तिने लगेच सांगलीला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेआठ वाजले होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्या केटलिनला कधी सांगितलं?"

"आजोबा, ती केव्हाच मेली."

"म्हणजे तिला कळलंच नाही," ते म्हणाले, आणि फोन माझ्याकडे द्यायला सांगितला.

बाबा २०१८ मध्ये गेले, त्यामुळे शेवटचा सीझन त्यांच्या वाट्याला आला नाही. फार काही बुडालं नाही, असं माझं मत. जॉनला आपला जन्म कळतो, त्या सत्याने सगळ्यांची अडचण होते, आणि त्याला पुन्हा उत्तरेला धाडून देतात. लेक चिडली होती. मला मात्र त्यात आपलं काहीतरी ओळखीचं दिसलं. युद्ध संपल्यावर, मेलेल्यांना पाणी सोडताना कुंती धर्माला सांगते की कर्णालाही पाणी दे, तो तुझा थोरला भाऊ. तेव्हा त्या सत्याचा कुणाला काय उपयोग? धर्म चिडून शाप देतो, की बायकांच्या पोटात यापुढे गुपित राहणार नाही. मामी हसून म्हणायची, तो शाप मला बाधला नाही. हे वाक्यही बाबांनी त्या गाडीतच सांगितलं होतं.

लेक आता मँचेस्टरला असते. मार्टिन यांचं सहावं पुस्तक येईपर्यंत काय वाचायचं म्हणून तिने 'युगान्त'चं इंग्रजी रूप घेतलं आहे, आणि गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. धर्माचा जन्म झाला तेव्हा पांडू आणि कुंती शतशृंगावर, अरण्यात होते. विदुर तर हस्तिनापुरात. मग? आजोबांना हे कसं सुचलं नाही?

बाबांनी यावर काय उलटतपासणी केली असती कोण जाणे. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर दिवाळीच्या कार्यक्रमाला मी फराळाच्या टेबलापाशी असेन. लेकही येणार आहे. पुरावा मात्र कागदावरचा आणा, ऐकीव चालणार नाही.