विटेत न जन्मलेले तारे

वायूचा ढग स्वतःच्याच वजनानं आकसतो, दाट होतो, मध्यभागी तापतो आणि तारा पेटतो. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत ताऱ्यांच्या जन्माची गोष्ट मी वर्षानुवर्षं अशीच सांगत आले. नायक एकच, गुरुत्वाकर्षण. त्याला लागणारं भांडवलही एकच, घनता. ढग जितका दाट तितके तारे जास्त. मृग नक्षत्रातला तेजोमेघ दुर्बिणीतून दाखवायचा आणि म्हणायचं, हा बघा कारखाना. ऐकणाऱ्याला चटकन पटायचं, मलाही सांगायला सोपं जायचं. आता मी ही गोष्ट अशी सांगत नाही.

माझं मत फिरलं ते आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या एका रेण्वीय ढगामुळे. यादीतलं त्याचं नाव जी ०.२५३+०.०१६, पण अभ्यासक त्याला 'द ब्रिक' म्हणजे वीट म्हणतात. स्पिट्झर दुर्बिणीच्या अवरक्त छायाचित्रात तो अगदी उठून दिसतो. मागे केंद्राकडचा सगळा लखलखाट आणि त्याच्या मधोमध एक काळा, लांबट ठोकळा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो छायाचित्रातला दोष वाटला होता. तो काळा दिसतो, कारण त्यातली धूळ इतकी दाट आहे की मागून येणारा अवरक्त प्रकाशही ती पार होऊ देत नाही. सूर्याच्या लाखपटीहून जास्त वस्तुमान तिथे अवघ्या वीसेक प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यात कोंबलेलं आहे. माझ्या गोष्टीप्रमाणे तिथे ताऱ्यांची जत्रा भरायला हवी होती. प्रत्यक्षात बराच काळ तारा घडत असल्याची एकच ठळक खूण हाती होती, पाण्याच्या रेणूंकडून येणारा एक मेसर, म्हणजे सूक्ष्मलहरींचा तीव्र झोत. तो १९९४ साली नोंदवला गेला.

हे वाचलं तेव्हा मी शांतपणे पळवाट काढली. तारे असतील, आपल्याला दिसत नसतील. पळवाट तशी वाईट नव्हती. केंद्र आपल्यापासून सुमारे २७,००० प्रकाशवर्षं दूर आहे आणि वाटेतली धूळ इतकी आहे की तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या लाख कोटी कणांपैकी एखादाच इथवर पोहोचतो. (कार्यक्रमात कुणीतरी हमखास विचारतं, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतून दिसतं का? केंद्राचा रेडिओ स्रोत तिनं टिपलेला आहे. पण ती मीटर-सेंटीमीटरच्या लहरी पकडते, आणि या ढगांतली थंड धूळ बोलते ती मिलिमीटरच्या लहरींत.) मिलिमीटर लहरींना ही धूळ आडवी येत नाही. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, ५,००० मीटर उंचीवर, ६६ तबकड्यांची 'अल्मा' ही दुर्बीण उभी राहिली आणि माझी पळवाट बुजली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अल्माच्या निरीक्षणांत, त्या मेसरच्याच जागी, आदिताऱ्यांचा, म्हणजे अजून घडत असलेल्या ताऱ्यांचा, एक छोटासा पुंजका सापडला. म्हणजे वीट अगदीच वांझ नाही. पण एवढ्या ऐवजातून निघालेलं हे उत्पन्न नगण्यच म्हणावं लागेल.

आणि प्रश्न एकट्या विटेचा नव्हताच. केंद्राभोवतीच्या साधारण १,५०० प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात सूर्याच्या काही कोटीपट रेण्वीय वायू आहे. आपल्या शेजारच्या ढगांना लागू पडणारा हिशेब तिथे लावला तर जेवढे तारे व्हायला हवेत, त्यांचा जेमतेम दहावा हिस्सा होतात. वर्षाला सूर्याच्या एक दशांशाइतकं वस्तुमान ताऱ्यांत रूपांतरित होतं, फार तर.

यातलं इंगित कळायला मला १९०२ सालच्या जेम्स जीन्सच्या गणिताकडे परत जावं लागलं. ते मी शिकवलेलंही होतं, पण अर्धंच मनावर घेतलं होतं. जीन्सनं तराजूच्या दोन्ही पारड्यांत वजन टाकलं होतं: एका बाजूला गुरुत्व, दुसऱ्या बाजूला वायूच्या उष्णतेचा दाब. मी दुसरं पारडं गोष्टीत येऊच देत नव्हते. सूर्याच्या शेजारचे ढग १० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअसला, गोठल्यासारखे असतात. तिथे दुसरं पारडं इतकं हलकं असतं की ते विसरलं तरी खपून जातं. केंद्रातल्या ढगांत वायूचं तापमान ५० ते १०० केल्विन, कधी त्याहूनही वर. गंमत अशी की त्याच ढगातली धूळ मात्र २० केल्विनच्या आसपास गार असते. एकाच ढगात दोन तापमानं! म्हणजे वायूला वेगळंच काहीतरी तापवतंय. संशय जातो तो खळबळीवर. तिथला वायू ध्वनीच्या वेगाच्या कितीतरी पट वेगानं एकमेकांवर आदळत असतो आणि त्या आदळण्याची ऊर्जा उष्णतेत उतरते.

खळबळ हीच या प्रकरणातली मुख्य गोष्ट आहे असं मला आता वाटतं. दूध आचेवर खळखळत असतं तोवर साय धरत नाही. केंद्राभोवती फिरताना आतला आणि बाहेरचा वायू वेगवेगळ्या गतीनं पळतो, ढग पिळवटला जातो. विटेच्या अल्मा निरीक्षणांवरून २०१६ साली क्रिस्टोफ फेडरॅथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथली खळबळ दाबणाऱ्यापेक्षा घुसळणाऱ्या प्रकारची जास्त आहे. दाबणारी खळबळ गाठी बांधते. घुसळणारी बांधत आलेल्या गाठीही सोडवते. आपल्याकडे घनसेंटीमीटरला दहा हजार रेणू जमले की तारे होण्याची चिन्हं दिसू लागतात. केंद्रात ही घनता सरासरी आहे, तीत विशेष काही नाही. तिथे उंबरठाच हजारपटीनं किंवा त्याहूनही वर गेलेला असावा, असा अनेकांचा कयास आहे. घनता हा आकडा म्हणून काहीच सांगत नाही, भोवतालच्या धुमाळीच्या मानानं ती किती, एवढंच महत्त्वाचं.

चुंबकीय क्षेत्राचं नाव मी मुद्दाम उशिरा घेतेय. ते तिथे प्रबळ आहे, यात वाद नाही. पण कोडं सुटेना की चुंबकीय क्षेत्र पुढे करायचं, ही आमच्या क्षेत्रातली जुनी खोड आहे, आणि तिच्याबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही.

इथवर आल्यावरही मी एक गड राखून होते: केंद्र म्हणजे अपवाद. तिथे चाळीस लाख सूर्यांचं कृष्णविवर, तिथे सगळंच विपरीत. नियम आपल्या शेजारचाच. तो गडही पडला, दोन बाजूंनी. बेन झुकरमन आणि नील एव्हान्स यांनी १९७४ सालीच मांडून ठेवलं होतं की आकाशगंगेतला सगळा रेण्वीय वायू निव्वळ गुरुत्वाच्या हवाली असता तर वर्षाला शेकडो सूर्यांइतके तारे झाले असते. होतात दोनेक सूर्यांइतके. म्हणजे माझा नायक मृगातही फारसा जिंकत नाही. तिथे जिंकलेला भाग उजळ असतो आणि आपण तोच बघतो, इतकंच. दुसरी बाजू काळाची. विश्वात तारे जन्मण्याचा वेग सर्वाधिक होता तो सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हाच्या दीर्घिकांतला वायू विपुल, दाबाखालचा, खवळलेला होता, आजच्या आपल्या शेजारापेक्षा केंद्राशी जास्त मिळताजुळता. अपवाद कोण, हे आता मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि सांगायचंच झालं तर बोट सूर्याच्या शेजाराकडे दाखवीन.

केंद्र आळशी आहे असं मात्र कुणी समजू नये. केंद्रापासून सुमारे शंभर प्रकाशवर्षांवरचा आर्चेस हा पुंज पंचवीस-तीस लाख वर्षांपूर्वीच जन्मला आणि त्याचं वस्तुमान सूर्याच्या दहा हजारपटीहून जास्त आहे. सॅजिटेरियस बी२ या ढगात तर आजही धूमधडाका चालू आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अल्मा पाहणीत तिथे २७१ स्रोत मोजले गेले, बहुतेक सगळे घडत असलेले मोठे तारे. तिथे तारे जन्मतात ते अधूनमधून, पण घाऊक.

मग वीट ही उद्याची सॅजिटेरियस बी२ असेल का? २०१३ साली एक देखणी कल्पना मांडली गेली: केंद्राभोवती फिरणारे हे ढग त्याच्या सर्वात जवळून गेले की भरतीच्या बलानं दाबले जातात आणि तिथून ताऱ्यांचं घड्याळ सुरू होतं, वीट नुकतीच त्या वळणावरून आलेली, बी२ पुष्कळ पुढे गेलेला. एकाच कक्षेत, एकामागोमाग एक, ताऱ्यांच्या जन्माचे टप्पे मांडून ठेवलेले. मला ती कल्पना इतकी आवडली होती की मी तिची स्वतंत्र स्लाइडही केली होती. २०१९ साली जोनाथन हेन्शॉ आणि सहकाऱ्यांनी विटेतल्या वायूचे वेग बारकाईनं उलगडले, तेव्हा ती एकसंध नसून वेगवेगळ्या गतीचे अनेक प्रवाह आपल्या नजरेच्या रेषेत एकावर एक आलेले आहेत असं दिसलं. अशा गुंत्यावर एकच घड्याळ बसवणं कठीण. ती स्लाइड मी काढलेली नाही. पण गोष्ट फार सुबक बसली की मला आता जरा धास्तीच वाटते, म्हणून तिच्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलत नाही.