भद्रेश्वरची यात्रा आणि धरणीकंपाचे गणित

कच्छच्या आखातालगत वसलेले भद्रेश्वर हे आपल्या यात्रेकरूंना सुपरिचित तीर्थ. मध्यभागी श्रीमहावीरस्वामींचे मंदिर, भोवती 52 देवकुलिका. तेराव्या शतकात दुष्काळाच्या वेळी धान्याची कोठारे खुली करणारे श्रेष्ठी जगडूशा याच नगरीचे. मात्र आज दिसणारे मंदिर नव्याने उभारलेले आहे. 26 जानेवारी 2001 रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास झालेल्या भूकंपाने जुन्या वास्तूची अपरिमित हानी केली.

हे ऐकताच बरोबरची मुले विचारतात, "देवाचे मंदिर कसे पडले? देव रागावले होते का?" या प्रश्नाला नीट उत्तर दिले पाहिजे.

आपल्या पायाखालची जमीन अखंड नाही. पृथ्वीचे कवच अनेक प्रचंड भूपट्टांचे बनलेले आहे. भारताचा भूपट्ट दरवर्षी सुमारे 5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आशियाच्या भूपट्टावर रेटा देतो. याच रेट्यातून हिमालय उभा राहिला. कच्छ त्या सीमेपासून दूर आहे. पण तेथील भूगर्भात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जुन्या भेगा आहेत, आणि हा रेटा त्यांच्यापर्यंत पोहोचतो. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक घर्षणामुळे अडकून राहतात व ताण साठत जातो. व्यापारी घरातील मुलांना हे चटकन समजते : खात्यात वर्षानुवर्षे थोडी थोडी रक्कम जमा होत राहावी आणि एके दिवशी ती सगळी एकदम काढली जावी, तसेच हे. खडक सहन करू शकत नाही त्या क्षणी तो झटक्याने सरकतो. पाण्यात खडा टाकल्यावर तरंग उठावेत तशा लहरी चहूकडे धावतात. त्यालाच आपण भूकंप म्हणतो. हा देवाचा कोप नव्हे आणि कोणाच्या पापाची शिक्षाही नव्हे.

कच्छला हे नवीन नव्हते. 16 जून 1819 रोजीच्या भूकंपात रणातील जमीन उचलली जाऊन मैलोगणती लांबीचा एक बांधच तयार झाला. लोकांनी त्याला 'अल्लाह बंद' असे नाव दिले. जवळचा सिंद्रीचा किल्ला मात्र खचून पाण्यात गेला.

भूकंपाची तीव्रता मोजण्याच्या मापात एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट होते. 2001 च्या भूकंपाची तीव्रता 7.7 होती. आपल्या किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप 6.2 च्या आसपासचा, म्हणजे ऊर्जेने शंभर पटींहून लहान. तरीही तेथे सुमारे 10 हजार माणसे गेली. पहाटेची वेळ, गाढ झोपेतील कुटुंबे, आणि मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती! माणसे भूकंपाने क्वचितच मरतात. बहुधा ती घराखाली दबून मरतात.

याच्या उलट उदाहरण कच्छच्या बन्नी भागात पाहावयास मिळते. तेथील 'भुंगा' म्हणजे मातीचे गोल घर व त्यावर गवताचे हलके छप्पर. गोल भिंतीला कमकुवत कोपरे नसतात आणि डोक्यावर भार नसतो. 2001 मध्ये असे अनेक भुंगे टिकून राहिले. त्याच सकाळी दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत मात्र बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी अनेकांच्या तळमजल्यावर वाहनांसाठी भिंती न घालता नुसते खांब ठेवलेले होते.

ही गोष्ट आपल्या समाजाने विशेष मनावर घेण्यासारखी आहे. आपल्यापैकी कित्येक जण घरे बांधतात, सिमेंट-लोखंडाचा व्यापार करतात, आणि घरे तर सर्वच विकत घेतात. घेताना आपण संगमरवर पाहतो, भाव पाडून मागतो; पण खांबांचे गणित कोणी केले, हे विचारीत नाही. मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून आपण जपून चालतो. मग खांबातील लोखंड कमी करून वाचवलेल्या पैशाला काय म्हणावे? तेथे अचौर्यव्रत मोडते आणि अहिंसाव्रतही.

मुलांना दोन गोष्टी मात्र आजच शिकवाव्यात. जमीन हलू लागली की भक्कम मेजाखाली बसून डोके झाकावे व मेजाचा पाय घट्ट धरावा. हादरे थांबेपर्यंत जिन्याकडे धावू नये आणि लिफ्ट मुळीच वापरू नये. भूकंप कोणत्या दिवशी होईल, हे आजचे शास्त्र सांगू शकत नाही. घर कसे बांधावे, हे मात्र ते निश्चित सांगते.