मागचा आख

दिवाळीच्या खरेदीची यादी आमच्या घरी सौभाग्यवती करते. रवा, मैदा, पिठीसाखर, उटणे, मुलांचे कपडे, भावजयीला साडी, असा तिचा क्रम वर्षानुवर्षे ठरलेला आहे आणि त्यात भर घालण्याचा अधिकार मला नाही. गेल्या वर्षी मात्र धीर करून मी त्या यादीच्या अगदी तळाशी दोन शब्द लिहिले: ‘मागचा अ‍ॅक्सल’. सौभाग्यवतीने ते वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि शांतपणे विचारले, “हा किलोवर मिळतो की डझनावर?”

गणिताच्या मास्तराच्या घरी ट्रकचा अ‍ॅक्सल कुठून आला, असे वाचकांनाही वाटेल. त्याचे उत्तर आमच्या तीर्थरूपांपाशी आहे. ते १९६३ साली चांद्याला एका लाकडाच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर म्हणून लागले. गावाचे नाव तेव्हा चांदाच होते. चंद्रपूर झाले ते १९६४ साली. गडचिरोली हा वेगळा जिल्हा व्हायला तर १९८२ साल उजाडावे लागले. आलापल्लीच्या जंगलातला साग बल्लारशाला आणायचा, हे त्यांचे काम. टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी करार करून ट्रक बांधायला सुरुवात केली होती, आणि त्या ट्रकांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असे. “मी मर्सिडीज चालवली आहे,” असे बाबा पाहुण्यांना सांगत, आणि पाहुण्यांचे डोळे विस्फारले की मग हळूच, “मागे साग भरून,” अशी पुस्ती जोडत.

१९९८ साली बाबांनी आयुष्यभराची पुंजी घालून स्वतःचा सहा चाकी ट्रक घेतला. २०११ साली ते गेले. ट्रक विकून टाकावा असे सगळ्यांनी सुचवले. पण बाबांच्या हाताखाली क्लीनर म्हणून आलेला आणि पुढे ड्रायव्हर झालेला एक माणूस त्या ट्रकवर घर चालवत होता. त्याला आम्ही दादा म्हणतो. त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा आता त्याच्याबरोबर क्लीनर म्हणून जातो. दरवर्षी फिटनेसचा दाखला मिळवायचा आणि आणखी एक वर्ष ढकलायचे, असे आमचे चालले होते.

कामाला तोटा नव्हता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. पुढे इतर गावांनीही तीच वाट धरली. त्यामुळे पूर्वी ठेकेदाराकडे भाडे मागायला जाणारा दादा आता ग्रामसभेच्या सतरंजीवर बसून भाडे ठरवतो. हिवाळ्यात दुसरे काम असते. दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडई भरते, गावोगाव रात्रभर नाटके होतात. वडसा हे त्या नाटक कंपन्यांचे माहेरघर. तिथल्या एका मंडळीचे पडदे आणि नेपथ्य वाहण्याचे काम भाऊबीजेपासून आमच्या ट्रकला ठरलेले होते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पोळ्याच्या सुमारास दादा मला म्हणाला, “भाऊ, गाडी मागून डुलते. डाव्या अंगाले कायतरी हाये.”

मी वह्या तपासत होतो. म्हणालो, “पावसाळा आहे, खड्डे आहेत. डुलणारच. दिवाळीनंतर पाहू.”

घटस्थापनेला तो पुन्हा म्हणाला, “भाऊ, डावा ड्रम गरम होते.” मी पुन्हा दिवाळीचा वायदा केला. मास्तरला एकच तक्रार तीन तीन वेळा ऐकायची सवय असते, आणि त्यातली दोनदा न ऐकण्याचीही.

तिसऱ्या वेळी तक्रार पहाटे पाच वाजता फोनवर आली. बांबू भरून येताना, मूल सोडल्यावर केळझरच्या जंगलात दादाला जळल्याचा वास आला. उतरून पाहतो तो मागच्या डाव्या चाकातून धूर निघत होता. बाप-लेकांनी रात्र केबिनच्या काचा लावून काढली. चंद्रपूरच्या त्या रस्त्यावर वाघ हा गोष्टीतला प्राणी नाही. सकाळी बांबू दुसऱ्या ट्रकमध्ये भरले आणि रिकामी गाडी सावकाश टोचन करून गॅरेजला आणली. धनत्रयोदशीला पाच दिवस होते.

आमचे मिस्त्री वयाने सत्तरीच्या पुढचे. त्यांनी चाके काढली, हब उतरवला आणि मला जवळ बोलावले. शाळेत मी शिकवतो, पण त्या दिवशी विद्यार्थी मी होतो. ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे सत्तावीस वर्षे ट्रकचा मालक म्हणवून घेणाऱ्या मला त्या दिवशी प्रथम कळले. आत असतो तो शाफ्ट. त्याचे काम फक्त चाक फिरवायचे. बाहेर असते ते हौजिंग, म्हणजे जाड लोखंडी कवच. मालाचे सगळे ओझे त्याच्यावर. दोन आसांच्या १६.२ टनी ट्रकचा हिशोब असा की ६ टन पुढे आणि १०.२ टन मागे. शाफ्ट मोडला तर गाडी जागच्या जागी थांबते. चाक निघत नाही. हौजिंगचे टोक मोडले तर मात्र हबसकट दोन्ही चाके आपल्या वाटेने जातात आणि गाडी आपल्या वाटेने.

आमच्या हौजिंगच्या डाव्या टोकावर बेअरिंगची रिंग फिरून फिरून लोखंड खाल्ले गेले होते. तेवढ्यावर भागले असते तर लोखंड भरून, लेथवर उतरवून काम झाले असते. पण मिस्त्रींची नजर पाट्यांच्या बैठकीजवळच्या एका जुन्या वेल्डिंगवर खिळली होती.

“हे कोनी केलं?” त्यांनी विचारले.

दादा काही बोलला नाही. मी बोललो. सहा वर्षांपूर्वी तिथे चीर गेली होती आणि नवे घालण्याऐवजी वेल्डिंग करून घ्या, असे मीच सांगितले होते. पैसे वाचवल्याचा आनंद तेव्हा मी घरी येऊन साजराही केला होता.

मिस्त्रींनी तो भाग रॉकेलने धुतला, तेल लावून थोडा वेळ ठेवला आणि फडक्याने कोरडा करून पुसला. मग माझ्या खिशाकडे पाहून म्हणाले, “गुरुजी, खडू हाये का?” मास्तरच्या खिशात खडू नसेल तर काय असेल? त्यांनी खडूची पूड करून त्या जागेवर चोळली आणि पाट्यावर हातोडीचे दोन-चार ठोके घातले. पांढऱ्या पुडीवर हळूहळू केसासारखी बारीक काळी रेघ उमटली. आत दडलेले तेल चिरेतून वर आले होते. वेल्डिंगच्या काठाकाठाने ती रेघ चार बोटे गेली होती. आजवर मी खडूने हजारो रेघा ओढल्या. खडूवर उमटलेली रेघ पाहून पोटात गोळा आला तो एवढ्या एकाच वेळी.

मग हिशोब सुरू झाला. पुन्हा वेल्डिंग आणि लेथचे काम केले तर ९ हजार. नागपूरच्या जुन्या बाजारातून मोडीत निघालेल्या गाडीचे हौजिंग आणले तर ३० हजारांच्या आसपास. नवे हौजिंग ५५ हजार. आणि सबंध अ‍ॅक्सलच नवा, तर दोन लाखांच्या घरात. पाचवा मार्ग मेहुण्यांनी फोनवर सुचवला, “भंगारात घाला!” सरकारने २०२३च्या एप्रिलपासून स्वतःच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी रद्द केली, तर आपण कसली वाट पाहता, असा त्यांचा सवाल होता. तो खोटा नव्हता. पण भंगारच्या पैशात दुसरा ट्रक येत नाही, आणि दादाच्या घरची चूल काही भंगारात घालता येत नाही.

माझे मन अर्थातच ९ हजारांकडे ओढत होते. मी म्हणालो, “एकदा वेल्डिंग सहा वर्षे टिकले. आणखी दोन वर्षे टिकले तरी पुष्कळ.”

मिस्त्री म्हणाले, “करून देतो ना. पन एक करा. पहिल्या खेपेले, माल भरून, मूलपर्यंत तुमी सोबत बसा.”

मी गप्प झालो. त्या गप्प बसण्यातच माझे उत्तर होते, आणि ते मिस्त्रींना, दादाला आणि त्याच्या मुलाला, तिघांनाही ऐकू गेले. जिथे मी बसायला तयार नव्हतो, तिथे एका एकोणीस वर्षांच्या पोराला मी रोज बसवत होतो.

त्या रात्री मला आजोबांची बंडी आठवली. तिचा आख धावड्याच्या लाकडाचा होता. धावडा म्हणजे आमच्या जंगलातले चिवट लाकूड. पण तोही कधीतरी थकायचाच. थकला की बंडी चालताना करकर वाजे. आजोबा खाली उतरत, कान देऊन ऐकत आणि पुढच्या बाजाराच्या आत नवा आख घालत. लाकूड मोडण्यापूर्वी सांगते. लोखंडाचे तसे नाही. ते आतल्या आत चिरत जाते आणि एक दिवस एकदम तुटते.

ही गोष्ट जगालाही फार महाग किंमत देऊन कळली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढून पेटले आणि पन्नासांहून अधिक माणसे गेली. भले भक्कम लोखंड तुटले कसे, याचा शोध तेव्हापासून नेटाने सुरू झाला. पुढे जर्मनीत व्होलर नावाच्या इंजिनिअरने वर्षानुवर्षे आस फिरवून पाहिले आणि दाखवून दिले की एका धक्क्याला दाद न देणारे लोखंड लाखो लहान धक्क्यांनी थकते. रेल्वेचा आस चाकाबरोबर फिरतो, म्हणून दर फेरीला वाकतो. आमचे हौजिंग फिरत नाही, पण दर खड्ड्याला लवते. धानोरा ते चंद्रपूर किती खड्डे, हे गणित मी त्या रात्री अंथरुणात सोडवायला घेतले आणि सोडून दिले.

सकाळी शिक्षकांच्या पतसंस्थेत जाऊन कर्जाचा अर्ज केला. नवे हौजिंग घ्यायचे ठरले. जुन्या बाजारातले मी नाकारले. स्वतःच्या हौजिंगचा इतिहास ठाऊक असून मी फसलो, तर परक्याच्या हौजिंगचा इतिहास मला कोण सांगणार?

पण सबंध अ‍ॅक्सल मिस्त्रींनीच घेऊ दिला नाही. “जे चांगलं हाये त्याले कायले फेकता?” असे म्हणून त्यांनी क्राऊनच्या दातांना शेंदूर आणि तेल कालवून लावले, पिनियन फिरवली आणि दातांवर उमटलेला ठसा मला दाखवला. ठसा दाताच्या मधोमध होता. ही दोन चक्रे एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात आणि बदलायची तर जोडीनेच बदलायची, नवरा-बायकोसारखी. आमची जोडी अजून गुण्यागोविंदाने नांदत होती. ती नव्या हौजिंगमध्ये जशीच्या तशी बसली. शाफ्टही तपासून जुनेच ठेवले. बेअरिंगे आणि तेलसीलें मात्र सगळी नवी. आख दुरुस्त करावा की बदलावा, या एका प्रश्नाची अशी तीन-चार उत्तरे निघाली. जो भाग मोडला तर नुसती गाडी थांबते, तिथे काटकसर करावी. जो मोडला तर माणूस जातो, तिथे मात्र काटकसर करण्याचा हक्क मालकाला नाही, कारण त्या काटकसरीचे पैसे मालकाच्या खिशात पडतात आणि धोका दुसऱ्याच्या वाट्याला येतो.

हौजिंग यायला दिवाळी उलटली. नाटक मंडळीच्या पहिल्या काही प्रयोगांना दुसरा ट्रक गेला, ते भाडे बुडाले. त्या दिवाळीत साडी साधी आली आणि माझा सदरा आलाच नाही. सौभाग्यवतीने यादीतल्या शेवटच्या ओळीवर बरोबरची खूण केली, एवढेच.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास गाडी वडशाला निघाली तेव्हा मी न सांगता केबिनमध्ये जाऊन बसलो. मूल गेले, वैनगंगेचा पूल आला. गाडी डुलली नाही. त्या रात्री एका गावच्या मंडईत, धानाच्या बांधीत उभारलेल्या रंगमंचासमोर आम्ही तिघे शेकोटीच्या उबेला पहाटेपर्यंत नाटक पाहत बसलो. मध्येच मी दादाला विचारले, “पोळ्यापासून तू सांगत होतास. मी ऐकलं नाही, तर गाडी न्यायला नाही का म्हणाला नाहीस?”

तो थोडा वेळ विस्तवाकडे पाहत राहिला. म्हणाला, “नाई म्हनलो असतो तर गाडी विकली असती ना तुमी, भाऊ.”

यावर मला बोलता आले नाही. लोखंड करकरत नाही हे खरे. पण त्यावर बसलेला माणूस दोन वेळा बोलला होता. आजोबांनी लाकडाची करकर ऐकली, आणि मी, शिकलेला नातू, माणसाची ऐकली नाही.

परवा मी अंगणात चहा पीत असताना दादा फाटकातून आला. “भाऊ,” तो म्हणाला, “पुढच्या पाट्यातून जरासा आवाज येते. काई घाई नाई. दिवाळीनंतर पाहू.”

मी कप खाली ठेवला आणि चपला पायात सरकवल्या. “दिवाळीनंतर नाही,” मी म्हणालो, “आत्ता चल.” आणि निघताना टेबलावरचा खडूचा तुकडा आठवणीने खिशात टाकला.